बरोबरी पुरे होती

सोमवार, १५ एप्रिल २०२४. संध्याकाळी साडेसातला कोलकात्यात सॉल्ट लेकच्या मैदानावर मोहन बागान विरुद्ध मुंबई सिटी. दोघांचाही बाविसावा आणि शेवटचा साखळी सामना. मुंबईचे गुण ४७, बागानचे ४५. मुंबईला बरोबरी पुरेशी होती. बागानला जिंकावंच लागणार होतं.

पणाला होती इंडियन सुपर लीगची शिल्ड. साखळीत पहिला येणाऱ्याला ती मिळते आणि मुंबई सिटी तिची गतविजेती होती. २०१९-२० पासून दिल्या जाणाऱ्या या शिल्डचा तोवरचा इतिहास एका वाक्यात सांगता येतो: मिळवलेली शिल्ड कोणालाही राखता आली नव्हती. पुढच्याच मोसमात गोवा चौथ्या क्रमांकावर गेला, मुंबई पाचव्या आणि जमशेदपूर थेट दहाव्या. दोन वेळा शिल्ड जिंकलेली मुंबई आता ती राखणारा पहिला संघ होण्यापासून ९० मिनिटं दूर होती.

निकाल सर्वांना ठाऊक आहे. तो कुठून कुठून चालत आला, ते तारखांच्या आणि घड्याळाच्या क्रमाने पाहायला हवं.

२३२ दिवस आधी. २७ ऑगस्ट २०२३, सॉल्ट लेक

ड्युरँड कपची उपांत्यपूर्व फेरी. मोहन बागान ३, मुंबई सिटी १. मैदान तेच, प्रतिस्पर्धी तोच.

मोसमाची ही फक्त सुरुवात होती. मुंबईच्या संघात मोठे बदल झाले होते. फेब्रुवारीत शिल्ड जिंकून देणाऱ्या संघातले मुर्तदा फॉल आणि अहमद जाहू, म्हणजे बचावफळीचा आणि मधल्या फळीचा कणा, दोघंही ओडिशाला गेले होते. त्यामुळे या पराभवाची नोंद 'तयारीतला सामना' अशीच झाली. पुढचे आठ महिने दुसराच आकडा सांगितला जात राहिला: आयएसएलमध्ये मुंबई मोहन बागानकडून एकदाही हरलेली नाही. तो आकडा खरा होता. फक्त ऑगस्टची ती संध्याकाळ त्यात धरलेली नव्हती.

१५१ दिवस आधी. १६ नोव्हेंबर

प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांनी क्लब सोडला आणि ते इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले. ऑक्सफर्ड हे त्यांचं गाव, त्यामुळे निर्णय समजण्यासारखा होता. पण मोसम मध्यावरही आलेला नव्हता आणि संघ दोन आघाड्यांवर खेळत होता. आशियाई चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने पुण्यात बालेवाडीला होते. त्या स्पर्धेत मुंबईने सहापैकी सहा सामने गमावले, त्यातला एक रियाधमध्ये अल हिलालकडून ०-६ असा.

नवे प्रशिक्षक पेत्र क्रातकी यांची नेमणूक ९ डिसेंबरला जाहीर झाली. मधले तीन आठवडे संघ हंगामी व्यवस्थेवर चालला.

१२५ आणि १२१ दिवस आधी. १२ आणि १६ डिसेंबर, अंधेरी

अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलातलं मैदान हे मुंबई सिटीचं घर. साकीनाक्याहून मेट्रो धरली की मरोळ नाका, एअरपोर्ट रोड, चकाला, वेस्टर्न एक्सप्रेस हायवे, अंधेरी आणि मग आझाद नगर, तिथे उतरायचं. उपनगरांत अव्वल दर्जाचा फुटबॉल सामना मेट्रोच्या तिकिटात पाहता येतो, ही गोष्ट या शहराने अजून पुरेशी ओळखलेली नाही. मैदानात जेमतेम सात हजार प्रेक्षक मावतात आणि तेही दर वेळी भरतंच असं नाही.

या मैदानावर चार दिवसांच्या अंतराने दोन सामने झाले. गोव्याशी ०-०, ईस्ट बंगालशी ०-०.

गोलशून्य बरोबरीने कोणी हळहळत नाही. एक गुण मिळतो, पराभव टळतो, लोक घरी जातात. पण साखळीत विजयाचे तीन गुण असतात आणि बरोबरीत त्यातले दोन वाटेतच सांडतात. या दोनपैकी एकच सामना मुंबईने एका गोलने जिंकला असता, तर १५ एप्रिलला ती ४९ गुणांवर असती. मग कोलकात्यात हरूनही शिल्ड मुंबईची राहिली असती, कारण बागानला ४८ च्या पुढे जाता येणार नव्हतं.

डिसेंबरात हा हिशेब कोणी मांडला नाही. मांडायचं कारणही नव्हतं.

११७ दिवस आधी. २० डिसेंबर, अंधेरी

मुंबई सिटी २, मोहन बागान १. गुणतक्त्यात हा निखळ विजय आहे, पण सामन्याचा अहवाल वेगळं सांगतो.

तेराव्या मिनिटाला मुंबईच्या आकाश मिश्राला लाल कार्ड. मुंबई दहा जणांनिशी खेळत असताना पंचविसाव्या मिनिटाला जेसन कमिंग्सने बागानला आघाडी दिली. मध्यंतराच्या जरा आधी ग्रेग स्टुअर्टने बरोबरी साधली, त्र्याहत्तराव्या मिनिटाला बिपिन सिंगने विजयी गोल केला. दरम्यान बागानचेही दोघे बाहेर गेले होते. त्यातला एक लिस्टन कोलासो. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

सामना संपेपर्यंत आणि संपल्यावरच्या झटापटीत मिळून सात लाल कार्डं दाखवली गेली. बागानची तीन, मुंबईची चार: मिश्रा, स्टुअर्ट, विक्रम प्रताप सिंग आणि राहुल भेके.

संघ जिंकला होता. जिंकल्यावर पंचांपासून लांब राहणं, हात मागे बांधून बोगद्याकडे चालू लागणं, हे त्या मिनिटाला फार क्षुल्लक वाटतं.

११३ दिवस आधी. २४ डिसेंबर, कोची

चार दिवसांनी केरला ब्लास्टर्सविरुद्ध सामना. निलंबित चौघे संघात नव्हते. मुंबई ०-२ अशी हरली.

संपूर्ण साखळीत मुंबई केवळ तीनदा हरली. त्यातली एक हार ही, आणि तिचं मूळ अंधेरीतल्या त्या विजयात होतं.

जानेवारी

दोन निर्णय, दोन शहरांत.

मुंबईत ग्रेग स्टुअर्ट मोसमाच्या मध्यावर क्लब सोडून स्कॉटलंडला परतला. आदल्या शिल्डच्या मोसमातला हा सर्वांत कल्पक खेळाडू. कोलकात्यात मोहन बागानने प्रशिक्षक हुआन फेरांदो यांना काढलं आणि अंतोनियो लोपेझ हबास यांच्या हाती संघ दिला. हबास हे जुने जाणते. २०१४ ची पहिली आयएसएल त्यांच्याच संघाने जिंकली होती. तीन वर्षांपूर्वी मुंबईनेच त्यांच्याकडून शिल्ड आणि करंडक दोन्ही हिसकावले होते. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी बांबोळीला शेवटच्या साखळी सामन्यात त्यांच्या बागानला बरोबरी पुरेशी होती आणि मुंबईला जिंकावंच लागणार होतं. मुंबई २-० अशी जिंकली.

म्हणजे अशा रात्री बरोबरीवर नजर ठेवून उतरण्याची किंमत काय असते, हे हबास यांनी आधीच भोगलेलं होतं. या वेळी बाजू बदललेल्या होत्या.

३८ दिवस आधी. ८ मार्च, जमशेदपूर

सामना १-१ असा सुटला. पण मैदानावर सतत किमान सात भारतीय खेळाडू हवेत हा नियम, लाल कार्डानंतरच्या गडबडीत, जमशेदपूरकडून मोडला गेला होता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने हा सामना मुंबईला ३-० असा बहाल केला. एकाचे तीन गुण झाले.

फेब्रुवारीपासून मुंबई हरत नव्हती, आता नियमही तिच्या बाजूने उभे राहत होते. कागदावर सगळं जुळत चाललं होतं.

१५ दिवस आधी. ३१ मार्च, सॉल्ट लेक

मोहन बागान घरच्या मैदानावर चेन्नईयिनकडून २-३ असं हरलं. १९ सामन्यांनंतर त्यांचे ३९ गुण होते. तेवढ्याच सामन्यांत मुंबईचे ४१. शर्यत संपत आल्यासारखी दिसू लागली.

७ दिवस आधी. ८ एप्रिल, अंधेरी

मुंबई सिटी २, ओडिशा १. पाडव्याची आदली संध्याकाळ. गुण ४७. बागान पाच गुणांनी मागे, पण एक सामना हाती राखून.

आता बागानने उरलेल्या दोनपैकी एकही सामना बरोबरीत सोडला तरी शिल्ड मुंबईची होती.

४ दिवस आधी. ११ एप्रिल, बंगळुरू

त्या गुरुवारी ईद होती. साकीनाक्यात खैरानी रोड, नव्वद फुटी रस्ता, सगळीकडे गर्दी. बंगळुरूच्या कांतीरव मैदानावर मोहन बागान बंगळुरू एफसीशी खेळत होतं. मुंबईला स्वतः न खेळता शिल्ड मिळण्याची ही संधी होती. बंगळुरूने फक्त बरोबरी साधायची होती.

बागान ४-० असं जिंकलं.

फरक दोन गुणांवर आला. सप्टेंबरपासून चाललेली साखळी एका सामन्यात येऊन थांबली, आणि तो सामना कोलकात्यात होता. अंधेरीचा सामना डिसेंबरात, त्या सात लाल कार्डांत, खर्ची पडला होता.

१ दिवस आधी. १४ एप्रिल

मुंबईत आंबेडकर जयंती. रात्री वानखेडेवर मुंबई इंडियन्स चेन्नईकडून २० धावांनी हरली, रोहित शर्मा नाबाद १०५ वर राहिला. रात्रभर शहर त्याविषयीच बोलत होतं.

कोलकात्यात पोईला बैशाख, बंगाली नववर्ष. या दिवशी तिथल्या मैदान परिसरातल्या क्लबांमध्ये गोलपोस्टच्या खांबांची पूजा करण्याचा जुना रिवाज आहे. मोहन बागानची स्थापना १८८९ ची, मुंबई सिटीची २०१४ ची. या दोन आकड्यांमधलं अंतर पैशाने भरून निघत नाही, आणि मुंबई सिटीच्या मागे तर तेव्हा, २०१९ पासून, मँचेस्टर सिटीचे मालक उभे होते.

१ तास ३० मिनिटं आधी. संध्याकाळी ६.००

कोलकात्यात सूर्यास्त झालेला आहे, साकीनाक्यात अजून तासभर ऊन आहे. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर कंपन्या सुटण्याची वेळ, वाहनं मुंगीच्या पावलाने सरकताहेत.

सॉल्ट लेकच्या प्रवेशद्वारांवर रांगा लागल्या आहेत. आज आत ६१,७७७ प्रेक्षक बसणार आहेत. अंधेरीचं मैदान आठ वेळा भरूनही उरतील, इतके.

सायंकाळी ७.३०. ०-०

सामना सुरू.

त्याच क्षणी बंगळुरूत सनरायझर्स हैदराबाद आणि रॉयल चॅलेंजर्स यांचा आयपीएल सामनाही सुरू होतो. मोबाइलवर दोन्ही सामने एकाच जिओसिनेमावर फुकट आहेत. हैदराबाद आज २० षटकांत २८७ धावा करणार आहे, आयपीएलमधली तोवरची सर्वोच्च धावसंख्या. मुंबईतल्या बहुतेक बोटांनी त्या संध्याकाळी कोणता सामना निवडला असेल, ते सांगायला नको. या शहराचा एक क्लब देशाची लीग राखायला उतरला होता आणि शहराचं लक्ष दुसरीकडे होतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

०-० चा अर्थ: शिल्ड मुंबईची. जाणारं प्रत्येक मिनिट मुंबईच्या खात्यात जमा होतं आहे.

याच गोष्टीत धोका असतो. बरोबरी पुरेशी असलेल्या संघाला वेळ काढायचा असतो आणि वेळ काढणारा संघ हळूहळू मागे सरकतो. तसं करा म्हणून कोणी हुकूम देत नाही. बचावपटू दोन पावलं मागे उभा राहतो, मधल्या फळीतला खेळाडू पुढे पास देण्याऐवजी बाजूला देतो. एकेक निर्णय सुटा पाहिला तर शहाणपणाचाच असतो.

सुमारे ७.५८. अठ्ठाविसावं मिनिट. १-०

लिस्टन कोलासो. अंधेरीतल्या त्या रात्री ज्याला लाल कार्ड मिळालं होतं, तोच. मडगावचा हा गोवेकर डावीकडून आत येऊन उजव्या पायाने फटका मारतो, ही त्याची ओळख देशातल्या प्रत्येक बचावपटूला पाठ आहे.

मोहन बागान ४८, मुंबई सिटी ४७. २८ मिनिटं मुंबई विजेती होती.

आता गणित उलटलं, पण अवघड झालं नाही. मुंबईला एकच गोल हवा आहे. हाताशी ६२ मिनिटं आहेत. संघात लालियानझुआला छांगटे आहे, बिपिन सिंग आहे, होर्हे परेरा दियाझ आहे.

मध्यंतर. १-०

पंधरा मिनिटांची विश्रांती. मुंबईच्या खोलीत काय बोलणं झालं, ते बाहेर आलेलं नाही. एवढं खरं की जो संघ बरोबरी राखण्याच्या तयारीने आला होता, त्याला आता बरोबरी मिळवायची होती. ही दोन कामं वेगळी आहेत. पहिल्यात चेंडू सांभाळायचा असतो, दुसऱ्यात तो गमावण्याची जोखीम घ्यायची असते. एका सामन्यात एकातून दुसऱ्यात शिरणं मोठ्या संघांनाही जड जातं.

साठावं मिनिट. १-०

अजून एकच गोल हवा.

सत्तरावं मिनिट. १-०

अजून एकच.

ऐंशीवं मिनिट. २-०

जेसन कमिंग्स. डिसेंबरात अंधेरीत बागानचा एकमेव गोल यानेच केला होता.

मुंबईला आता दहा मिनिटांत दोन गोल हवेत. ६१,७७७ माणसांचा आवाज दूरदर्शनच्या ध्वनियंत्रणेत मावत नाहीसा होतो, समालोचन अधूनमधून ऐकू येत नाही.

एकोणनव्वदावं मिनिट. २-१

छांगटे. चेंडू जाळ्यात.

पुन्हा एकच गोल. २-२ झालं तर ४८ विरुद्ध ४६, आणि शिल्ड मुंबईकडे. शेवटच्या मिनिटांत बागानच्या ब्रेंडन हॅमिलला लाल कार्ड मिळतं. त्यांचे दहा, मुंबईचे अकरा.

इथे एक नोंद करायला हवी. नऊ दिवसांनी, २४ एप्रिलला, हाच मुंबई सिटी संघ फातोर्ड्याला आयएसएल करंडकाच्या उपांत्य सामन्यात गोव्याविरुद्ध नव्वदाव्या मिनिटापर्यंत ०-२ असा मागे असेल. आणि तिथून भरपाई वेळ संपेपर्यंत तीन गोल करून जिंकेल. छांगटे, विक्रम प्रताप सिंग, पुन्हा छांगटे. म्हणजे अशा मिनिटांत गोल करायची ताकद या संघात होती, पायही तेच होते. १५ एप्रिलला त्यांना तिथला एकतृतीयांश पुरेसा होता.

भरपाई वेळ. २-१

चेंडू बागानच्या क्षेत्रात पुन्हा पुन्हा येतो आणि पुन्हा पुन्हा बाहेर फेकला जातो.

पंचांची शेवटची शिट्टी.

रात्री, साडेनऊच्या आत

मोहन बागान ४८, मुंबई सिटी ४७. बागानचे १५ विजय, मुंबईचे १४. मुंबईचे पराभव ३, बागानचे ४. कमी वेळा हरलेला संघ दुसरा आला, कारण मुंबईच्या पाच बरोबऱ्या होत्या आणि बागानच्या तीन.

शिल्डबरोबर साडेतीन कोटी रुपये आणि आशियाई चॅम्पियन्स लीग दोनमधली जागा कोलकात्यात राहिली. आयएसएलमध्ये मोहन बागानने मुंबईला हरवण्याची ही पहिली वेळ.

१९ दिवसांनंतर. ४ मे, सॉल्ट लेक

आयएसएलचा अंतिम सामना. तेच मैदान, तेच दोन संघ, ६२,००७ प्रेक्षक. मुंबई पुन्हा पिछाडीवर पडली, पुन्हा कमिंग्सच्याच गोलने. नंतर दियाझ, बिपिन सिंग आणि भरपाई वेळेत याकूब वॉयतुश यांनी गोल केले आणि मुंबई ३-१ अशी जिंकली. या वेळी बरोबरीचा कोणताही फायदा नव्हता. जिंकायचंच होतं.

करंडक मिळाल्यावर १५ एप्रिल विसरला गेला आणि अनेक चाहते आजही सांगतात की हिशेब चुकता झाला. मला तसं वाटत नाही. करंडक एका रात्रीचा असतो. त्या मोसमाची शिल्ड २२ सामन्यांची होती, सप्टेंबर ते एप्रिल, दमट दुपारींची, रिकाम्या खुर्च्यांपुढच्या ०-० ची. एखादा संघ खरोखर किती चांगला आहे हे तीच सांगते, आणि म्हणूनच ती राखणं सर्वांत कठीण आहे.

३१४ दिवसांनंतर. २३ फेब्रुवारी २०२५, सॉल्ट लेक

मोहन बागान १, ओडिशा ०. दिमित्री पेत्रातोसचा गोल भरपाई वेळेत. साखळीचे सामने शिल्लक असतानाच बागानने शिल्ड पुन्हा जिंकली. आयएसएलच्या इतिहासात शिल्ड राखणारा हा पहिला क्लब. त्यांच्या त्या मोसमाच्या संघात ग्रेग स्टुअर्ट होता आणि १५ एप्रिलला मुंबईच्या मधल्या फळीत असलेला आपुइयाही.

मुंबई सिटी त्या मोसमात सहावी आली.